दिल्ली ते टोकियो: विमानाने नेमकं किती अंतर आणि किती वेळ?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दिल्ली–टोकियो हवाई अंतर एका ठिकाणी ५,८४० किमी दिसतं, दुसरीकडे ५,९१०, आणि प्रत्यक्ष विमानाने कापलेलं अंतर पाहिलं तर ६,४०० च्या आसपास. वेळेची तीच गत. ऑनलाइन कॅल्क्युलेटर सात तास म्हणतो, जातानाचं तिकीट पावणेआठ तास दाखवतं आणि येतानाचं साडेनऊ. यातलं खरं कोणतं?

घाईत असाल तर एवढंच धरा: सरळ हवाई अंतर सुमारे ५,९०० किमी. थेट विमानाला दिल्लीहून टोकियोला जाताना गेटपासून गेटपर्यंत साडेसात ते आठ तास आणि परत येताना नऊ ते दहा तास लागतात. दोन्हीकडच्या घड्याळांत साडेतीन तासांचा फरक आहे, टोकियो पुढे. प्रवासाची आखणी करायला एवढं पुरतं.

पण विचारलंय सविस्तर, आणि हा माझ्या रोजच्या कामाचाच भाग आहे. मी फ्लाइट डिस्पॅचर आहे. विमान सुटण्याआधी काही तास त्याचा मार्ग, उंची, इंधन आणि वेळ ठरवणारा जो फ्लाइट प्लॅन कॅप्टनच्या हातात पडतो, तो आमच्या टेबलावर तयार होतो. त्या प्लॅनमध्ये अंतराचे दोन आकडे असतात आणि ते एकमेकांशी क्वचितच जुळतात. या प्रश्नाची मेख त्या दुसऱ्या आकड्यात आहे. तिथपर्यंत जायला आधी पहिला आकडा नीट बघावा लागेल.

५,८४० किमी हे दोन शहरांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर. विमान काही कॅनॉट प्लेसवरून उडत नाही, त्यामुळे हा आकडा भूगोलाच्या पुस्तकापुरता ठीक. दिल्लीचा इंदिरा गांधी विमानतळ आणि टोकियोचा हानेदा धरला तर साधारण ५,८६० किमी होतात. नारिता धरला तर ५,९१०. नारिता शहराच्या पूर्वेला, चिबा प्रांतात आहे, म्हणून पन्नासेक किलोमीटर जास्त. तिकीट काढताना 'टोकियो' एवढंच बघू नका. हानेदाहून मध्य टोकियोत अर्ध्या तासात पोचता येतं, नारिताहून वेगवान गाडीनेही तासभर धरावा. हवेतले चार मिनिटं वाचवण्यापेक्षा हा जमिनीवरचा फरक मोठा.

हे सगळे आकडे पृथ्वीच्या गोलावरच्या सर्वांत जवळच्या वाटेचे आहेत. घरी पृथ्वीगोल असेल तर दिल्ली आणि टोकियोवर बोटं ठेवून मध्ये दोरा ताणून बघा. भिंतीवरच्या नकाशात टोकियो दिल्लीच्या जवळजवळ पूर्वेलाच वाटतं, जरासं उत्तरेला. दोरा मात्र दिल्लीतून निघताना चक्क ईशान्येकडे, साधारण ६५ अंशांवर निघतो. उत्तराखंड आणि नेपाळच्या सीमेजवळून हिमालय ओलांडतो, ल्हासाच्या बऱ्याच उत्तरेकडून तिबेटचं पठार पार करतो, चीनच्या शांदोंग द्वीपकल्पावर यांताई शहराजवळ सर्वांत उत्तरेला पोचतो, मग सोलच्या जरासा दक्षिणेकडून कोरिया ओलांडून जपानमध्ये उतरतो. टोकियो ३५–३६ अंशांवर आहे आणि वाट ३७ अंशांच्याही वर जाऊन परत खाली येते.

नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली आणि तिच्यावरून उडालो तर किती नुकसान? इथे शंभर किलोमीटरपेक्षाही कमी. वक्र मार्गाचं एवढं कौतुक होतं ते दिल्ली–न्यूयॉर्कसारख्या मार्गांमुळे. पूर्व-पश्चिम पसारा कमी आणि अक्षांश मध्यम असले की फायदा मामुलीच असतो. मग ५,९०० चे ६,४०० होतात कुठे?

ते होतात हिमालयामुळे. आत्ता सांगितलेल्या वाटेने दिल्लीहून टोकियोला विमान जात नाही. नेहमीचा मार्ग दिल्लीहून आग्नेयेकडे उतरतो: उत्तर प्रदेश, बिहार, मग बांगलादेश किंवा ईशान्य भारत, म्यानमारचा उत्तर भाग आणि तिथून चीनच्या युन्नान प्रांतात कुनमिंगकडे. पुढे दक्षिण चीन ओलांडून शांघायच्या आसपास समुद्रावर, पूर्व चीन समुद्र पार करून जपानच्या दक्षिणेकडच्या क्युशू बेटाच्या बाजूने टोकियो. ढोबळ मोजलं तर दिल्ली–कुनमिंग २,५९० किमी, कुनमिंग–शांघाय १,९७०, शांघाय–नारिता १,८००. बेरीज ६,३६०. त्यात विमानतळावरून निघण्या-उतरण्याची वळणं आणि मधले कोपरे मिळवले की ६,४०० च्या घरात आकडा जातो. दिवसागणिक तो थोडा बदलतो, कारण कधी हवाई वाहतूक नियंत्रक मधला कोपरा कापून सरळ जायला सांगतात, कधी ढगांना वळसा घालावा लागतो.

हिमालयावरून का जात नाहीत, याचं ऐकीव उत्तर 'डोंगर उंच आहेत' असं असतं. विमान ११ किलोमीटर उंचीवर असतं आणि एव्हरेस्ट ८,८४९ मीटर. उडायला काहीच अडचण नाही. अडचण काही बिघडलं तर आहे. केबिनमधला दाब गेला की मास्क खाली येतात, पण बहुतेक विमानांत प्रवाशांचा ऑक्सिजन रासायनिक जनरेटरमधून येतो आणि तो साधारण बारा ते वीस मिनिटंच पुरतो. तेवढ्या वेळात विमानाने १०,००० फुटांपर्यंत, म्हणजे तीन हजार मीटरवर उतरलं पाहिजे. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार हजार मीटरच्या आसपास. खाली उतरायला जागाच नाही. डोंगररांग ओलांडणं वीस मिनिटांत जमतं, पण हे पठार ओलांडायला तास-दीड तास लागतो. इंजिन बंद पडलं तरी तोच पेच: दोनपैकी एका इंजिनावर विमान आपली उंची टिकवू शकत नाही, सावकाश खाली येतं. शिवाय जवळ उतरायला ल्हासा, आणि तो विमानतळही साडेतीन हजार मीटरहून उंच.

अशा भागावरून उडणारी विमानं अजिबात नाहीत असं नाही. पश्चिम चीनमधून एल८८८ नावाचा मार्ग जातो. तिथे जास्तीचा ऑक्सिजन, उपग्रहावरून चालणारी डेटा लिंक, आणि 'या बिंदूच्या अलीकडे बिघाड झाला तर इकडे वळायचं, पलीकडे झाला तर तिकडे' अशा आधीच आखलेल्या सुटकेच्या वाटा लागतात. दिल्ली–टोकियोसाठी एवढा खटाटोप करून साडेचारशे-पाचशे किलोमीटर वाचतील, म्हणजे अर्धा-पाऊण तास. आणि मुळात भारत-चीन सीमेवर त्या बाजूला ये-जा करणारे हवाई मार्गच नाहीत. चीनमध्येही बराचसा अवकाश लष्कराच्या ताब्यात असतो, नागरी विमानांना ठरावीक पट्ट्यांतूनच जावं लागतं. त्यामुळे हा वळसा कायमचा समजा.

आता तो दुसरा आकडा. फ्लाइट प्लॅनमध्ये 'ग्राउंड डिस्टन्स' म्हणजे जमिनीवर मोजलेलं अंतर असतं आणि शेजारी 'एअर डिस्टन्स', म्हणजे विमानाने हवेतून कापलेलं अंतर. विमानाला जमीन माहीतच नसते. ते भोवतालच्या हवेच्या हिशेबाने ठरावीक वेगाने जातं, आणि ती हवाच जर सरकत असेल तर नदीतल्या होडीसारखं विमानही तिच्यासोबत सरकतं.

आकड्यांत बघू. लांब पल्ल्याचं आधुनिक विमान मॅक ०.८४, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.८४ पट वेगाच्या आसपास उडतं, ३७,००० फुटांवर हा वेग ताशी सुमारे ८९० किमी होतो. वारा अजिबात नसेल तर ६,४०० किमीला ७ तास ११ मिनिटं. आता जानेवारीतला दिवस घ्या, मार्गभर पश्चिमेकडून सरासरी १०० नॉट, म्हणजे ताशी १८५ किमी वारा. या मोसमात हे काही विशेष नाही. जाताना जमिनीवरचा वेग १,०७५ होतो आणि वेळ ५ तास ५७ मिनिटं. येताना तोच वेग ७०५ वर येतो आणि वेळ ९ तास ५ मिनिटं. तीन तासांचा फरक, तोच मार्ग, तेच विमान.

एअर डिस्टन्समध्ये हेच सांगायचं तर दिल्लीहून टोकियो त्या दिवशी ५,३०० किमीवर आहे आणि टोकियोहून दिल्ली ८,१०० किमीवर. इंधन या आकड्यावर ठरतं, वेळ याच्यावर ठरतो, किती माल घेता येईल तेही याच्यावरच. म्हणून 'अंतर किती' असं मला कोणी विचारलं की माझा उलट प्रश्न असतो: कुठल्या दिशेने आणि कुठल्या महिन्यात?

इथे एक गंमत बघा. जाताना वाऱ्याने जे दिलं तेच येताना काढून घेतलं, म्हणजे हिशेब बरोबरीत सुटला असं वाटतं. सुटत नाही. वारा नसता तर जाऊन-येऊन १४ तास २३ मिनिटं लागली असती; वाऱ्यासकट लागतात १५ तास २ मिनिटं. ३९ मिनिटं गेली कुठे? मदतीचा वारा कमी वेळ मिळतो, कारण त्याच्यामुळेच आपण लवकर पोचतो. आणि विरोधाचा वारा जास्त वेळ सोसावा लागतो. जोराचा वारा जाऊन-येऊनच्या हिशेबात नेहमी तोट्याचाच असतो.

हा वारा म्हणजे जेट स्ट्रीम, खूप उंचावरून वाहणारा जोराचा, अरुंद वाऱ्याचा प्रवाह. हिवाळ्यात त्याची एक शाखा हिमालयाच्या दक्षिणेकडून, उत्तर भारतावरून वाहते, चीन ओलांडते आणि जपानच्या आसपास सर्वांत जोरात असते. हिवाळ्यात जगातला सर्वांत बलवान जेट या पट्ट्यातच सापडतो. तिथे १५० नॉट नेहमीचे, आणि २०० च्या वर गेलेले आकडेही चार्टवर दिसतात. २०० नॉट म्हणजे ताशी ३७० किमी. दिल्ली–टोकियो मार्ग सुरुवातीपासून शेवटपर्यंत याच प्रवाहाच्या अंगाने जातो, आडवा कापत नाही. आशियात असे मार्ग थोडेच आहेत. सिंगापूर–टोकियोला हा वारा फक्त उत्तरेकडच्या टप्प्यात भेटतो, दिल्ली–सिंगापूरला तर जाण्या-येण्याच्या वेळेत फारसा फरकच पडत नाही.

या वाऱ्याचा शोध टोकियोच्या परिसरातच लागला. वासाबुरो ओइशी नावाचे जपानी हवामानशास्त्रज्ञ १९२० च्या दशकात तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून दुर्बिणीने त्यांचा माग काढत, आणि उंचावर प्रचंड वेगाचा पश्चिमी वारा आहे हे त्यांनी नोंदवलं. जगभर वाचलं जावं म्हणून अहवाल त्यांनी १९२६ मध्ये एस्पेरांतो या जगासाठी मुद्दाम बनवलेल्या भाषेत छापला. परिणाम उलटा झाला, जपानबाहेर फारसं कोणी वाचलंच नाही. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या अमेरिकी बॉम्बर विमानांना जपानवर हा वारा असा काही लागला की बॉम्ब भलतीकडे पडू लागले.

मे-जूननंतर चित्र पालटतं. मॉन्सून येता येता जेट हिमालयाच्या उत्तरेला सरकतो. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या मार्गावरचा वारा अगदी नरम पडतो, भारताच्या भागात तर उंचावर पूर्वेकडूनही वाहतो. तेव्हा जाण्या-येण्याच्या वेळेतला फरक तासाभराच्या आत येऊ शकतो. म्हणजे जाताना हिवाळ्यापेक्षा जास्त वेळ, येताना कमी. त्याऐवजी उन्हाळ्यात दुसरी डोकेदुखी असते: बंगालच्या उपसागराच्या बाजूचे मॉन्सूनचे ढग आणि ऑगस्ट-सप्टेंबरमधली जपानकडची टायफून. वारा मोजून मांडता येतो, टायफून कधी वळेल त्याच्यावर नजर ठेवून बसावं लागतं.

हिवाळ्यातला परतीचा प्लॅन टेबलावर कसा दिसतो ते सांगतो, म्हणजे 'साडेनऊ तास' कसे बनतात ते कळेल. टोकियोहून सकाळी सुटणारं विमान. संगणकाने पहिला प्लॅन काढला: ३६,००० फूट, समोरचा वारा सरासरी १०५ नॉट. आता उंची बदलून बघायची. जेटचा गाभा साधारण ३८–४० हजार फुटांवर असतो, म्हणून ३४,००० फुटांपर्यंत खाली आलं तर वारा दहा-पंधरा नॉट कमी मिळतो. पण खाली हवा दाट, इंधन जास्त जळतं. वेळ दहा मिनिटं वाचतो आणि इंधन काहीशे किलो जास्त जातं, किंवा कधी दोन्ही वाचतात. दर दिवशी नव्याने बघावं लागतं, ठोकताळा चालत नाही. मग मार्ग बदलून बघायचा, पण चीनमध्ये पर्याय मोजकेच.

इंधनाचं गणित इथे बोचतं. बोइंग ७८७ च्या आकाराचं विमान तासाला साधारण पाच टन जाळतं. येतानाचे तीन तास जास्त म्हणजे पंधरा टन जास्त. आणि ते पंधरा टन वाहून न्यायलाही इंधन लागतं; एवढ्या लांब मार्गावर जास्तीचा प्रत्येक टन उतरेपर्यंत साधारण पाव टन स्वतःच खाऊन टाकतो. शिवाय दिल्लीत धुकं असेल तर ज्या विमानतळाकडे वळायचं तो लांबचा निवडावा लागतो, कारण जवळचे जयपूर-लखनऊही त्याच धुक्यात असू शकतात. मग त्याचंही इंधन. प्रवाशाला यातलं काही दिसत नाही, दिसतं ते एवढंच की येतानाचं विमान जास्त वेळ घेतं.

वाटेत एक मजेदार टप्पा येतो. जगात जवळजवळ सगळीकडे विमानांची उंची फुटांत दिली जाते, चीनमध्ये मीटरमध्ये. जाताना म्यानमारमध्ये ३७,००० फुटांवर असलेल्या विमानाला चीनचा नियंत्रक ११,३०० मीटर देतो. वैमानिक तक्ता बघतो: ११,३०० मीटर म्हणजे ३७,१०० फूट. विमान १०० फूट वर चढतं. जपानच्या बाजूला हद्द ओलांडली की पुन्हा ३७,००० वर. येताना ११,००० मीटर, म्हणजे ३६,१००. ही पद्धत नोव्हेंबर २००७ पासून अशीच चालू आहे. सीमेवर विमान एवढंसं वर-खाली झालेलं प्रवाशाला जाणवतही नाही, पण समोरच्या पडद्यावर उंचीचा आकडा बघत असाल तर पकडता येईल.

शांघाय ओलांडल्यावर पूर्व चीन समुद्रावर अकारा-फुकुए नावाची पट्टी लागते. हद्द दक्षिण कोरियाची, पण १९८३ च्या समझोत्याने तिथली विमानं बरीच वर्षं चीन आणि जपानचे नियंत्रक सांभाळत होते. मार्च २०२१ पासून कोरियाने टप्प्याटप्प्याने नियंत्रण घ्यायला सुरुवात केली. एवढ्याशा जागेत पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण वाहतूक एकमेकींना छेदते. त्यामुळे हवी ती उंची तिथे मिळेलच असं नाही, आणि गर्दीच्या वेळी दोन विमानांत जास्त अंतर ठेवायला सांगतात. त्याचा उशीर दिल्लीत किंवा टोकियोत, विमान गेटवर उभं असतानाच सोसावा लागतो.

तिकिटावरचा वेळ हे आणखी वेगळं प्रकरण. तो 'ब्लॉक टाइम' असतो: विमान गेटवरून मागे ढकललं गेलं इथपासून दुसऱ्या गेटवर चाकांना अडसर लागेपर्यंत. दिल्लीत धावपट्टीपर्यंत पोचायला वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात, उतरल्यावर पुन्हा दहा-पंधरा. वर आपण काढलेल्या ५ तास ५७ मिनिटांत वर चढण्याचा, खाली उतरण्याचा कमी वेग आणि उतरण्याआधीची रांग धरलेली नव्हती. ती धरली की हवेतला वेळ सव्वासहा-साडेसहा होतो आणि त्यावर विमान जमिनीवर गेट ते धावपट्टी चालवण्याचा वेळ. म्हणजे सातच्या आसपास. तरी वेळापत्रकात पावणेआठ का? कारण वेळापत्रक एका दिवसासाठी नसतं. ते मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं, आणि मधल्या पाच-सात महिन्यांत वारा कधी १०० नॉट असतो, कधी ४०. कंपनी असा वेळ छापते की बहुतेक दिवशी विमान वेळेत पोचलेलं दिसावं. त्यामुळे जानेवारीत दिल्लीहून उशिरा सुटलेलं विमान टोकियोला वेळेवर पोचतं आणि वैमानिकाची वाहवा होते. वाहवा व्हायला हरकत नाही, पण काम वाऱ्याचं आणि वेळापत्रकातल्या सैल जागेचं असतं.

फार लवकर पोचूनही उपयोग नसतो, ही बाजू लोकांना माहीत नसते. नारिता विमानतळ मध्यरात्रीपासून सकाळी ६ पर्यंत बंद असतो. आजूबाजूला वस्ती आहे आणि रात्रीच्या आवाजाबद्दलचे नियम कडक आहेत. जोराच्या वाऱ्यावर स्वार होऊन एखादं विमान पहाटे सव्वापाचला दारात पोचलं तर त्याला उतरू देत नाहीत. म्हणून अशा दिवशी आम्हीच वेग कमी ठेवतो, त्यात इंधनही वाचतं. हानेदा चोवीस तास उघडा असतो, पण पहाटे तिथे पोचून पहिल्या ट्रेनची वाट बघत बसण्यात फारसा अर्थ नाही.

घड्याळाचा घोळ बरेच जण करतात, तो एकदा मांडून टाकतो. भारत यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे, जपान नऊ तास. जपानमध्ये उन्हाळ्यात घड्याळं पुढे-मागे करत नाहीत, त्यामुळे फरक वर्षभर साडेतीन तासच. दिल्लीहून रात्री ८ ला निघून टोकियोला सकाळी साडेसातला पोचलात तर घड्याळात साडेअकरा तास दिसतात, प्रवास आठ तासांचा. टोकियोहून सकाळी साडेअकराला निघून दिल्लीला संध्याकाळी साडेपाचला उतरलात तर घड्याळ सहा तास म्हणतं, प्रत्यक्षात साडेनऊ. काही साइट्सवर जे अकरा-बारा तास दिसतात ते बहुधा ही वजाबाकी न केल्यामुळे.

ऑनलाइन कॅल्क्युलेटर सात तास कसे काढतो? शहरांमधलं ५,८४० किमी घेतो, ताशी ९०० ने भागतो, साडेसहा तास येतात, वर अर्धा तास टेकऑफ-लँडिंगचा. वळसा नाही, वारा नाही, दिशा नाही. योगायोगाने उत्तर फार चुकत नाही, कारण जाताना वळशाचं नुकसान आणि वाऱ्याचा फायदा एकमेकांना बरेचसे खाऊन टाकतात. येताना मात्र दोन्ही नुकसानच, म्हणून तिथे अडीच तासांनी फसतं. कार्बनचा हिशेब करणारेही साधारण असंच करतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयसीएओच्या पद्धतीत ५,५०० किमीपेक्षा लांब मार्गाला वळशापोटी १२५ किमी जोडतात. या मार्गावर खरा वळसा त्याच्या चौपट आहे.

पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, त्याने टोकियोचा वेळ वाढला का, असंही विचारलं जातं. नाही. ती हद्द पश्चिमेला आहे. फटका युरोप-अमेरिकेच्या विमानांना बसला. रशियाच्या हद्दीवरच्या बंदीचाही या मार्गाशी संबंध नाही, टोकियो–युरोपच्या मार्गाशी आहे.

थेट विमान न घेता बँकॉकमार्गे गेलात तर २,९५० अधिक ४,६५०, म्हणजे ७,६०० किमी. एकेकाळी भारतातून टोकियोला जायची वाट अशीच होती. एअर इंडियाची टोकियो सेवा १९५५ मध्ये सुरू झाली ती बँकॉक-हाँगकाँग असे थांबे घेतच. आज या वाटेने हवेत दीड-दोन तासच जास्त लागतात, बाकीचा वेळ बँकॉकच्या विमानतळावर जातो. तिकीट बरंच स्वस्त असेल आणि मधला थांबा दोन-तीन तासांचा असेल तर हा पर्याय वाईट नाही. विशेषतः हिवाळ्यात परतीला, कारण दक्षिणेकडे वळल्यावर विमान जेटच्या कचाट्यातून लवकर सुटतं आणि थेट विमानाच्या तुलनेत नुकसान वाटतं तेवढं होत नाही. मात्र दोन वेगवेगळी तिकिटं जोडून हा प्रवास करू नका. पहिलं विमान चुकलं तर दुसरी कंपनी जबाबदार नसते.

राहिला खिडकीचा प्रश्न, तोही हमखास येतो. जातानाची बहुतेक विमानं संध्याकाळी किंवा रात्री सुटतात, त्यामुळे हिमालय दिसत नाही. पहाटे जपानच्या दक्षिण किनाऱ्याने आलात तर डावीकडे फुजी दिसण्याची शक्यता. येतानाचं विमान दुपारी उशिरा बिहारवर असेल आणि हवा स्वच्छ असेल तर हिमालयाची रांग उजवीकडे. सीट निवडताना जाताना ए, येताना के किंवा विमानात उजवीकडची शेवटची जी असेल ती.